साखळी-करवत, हात आणि हातमोजे

मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी बल्लारपूरच्या डेपोतून साग रवाना झाला, तेव्हा चंद्रपूर-गडचिरोलीच्या या लाकडाविषयी वर्तमानपत्रांतून पुष्कळ छापून आले. लाकूड तोडणाऱ्या हातांविषयी मात्र क्वचितच कोणी लिहितो.

कुऱ्हाड आणि दोघांनी समोरासमोर ओढायची करवत ही जंगलातली जुनी हत्यारे. त्यांनीही जखमा होतच. पण हात थांबला की हत्यार थांबे. साखळी-करवतीने, म्हणजे चेनसॉने, हे नाते तोडले. जर्मनीत आंद्रेआस स्टील यांनी १९२६ साली विजेवर चालणारी अशी करवत बनवली. तिचे वजन ६४ किलो होते आणि ती चालवायला दोन माणसे लागत. १९२९ मध्ये पेट्रोलचे यंत्र आले. पुढे अमेरिकेतल्या ओरेगॉनचा लाकूडतोड्या जोसेफ कॉक्स याने लाकूड पोखरणारी एक अळी न्याहाळली. ती धाग्यांच्या दिशेने आणि आडवीही सहज कुरतडत जाई. तिच्या जबड्यांच्या धर्तीवर त्याने १९४७ साली साखळीचे दात घडवले. आजच्या साखळ्यांचे दात बहुतांशी त्याच घराण्यातले आहेत. १९५० नंतर यंत्र एकट्याला पेलण्याइतके हलके झाले. आणि एकट्याचे दोन्ही हात साखळीच्या अगदी जवळ आले.

साखळी सेकंदाला २० मीटर धावते, असे धरू. म्हणजे ताशी ७२ किलोमीटर! पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला, तर दात अडकतात आणि सारे यंत्र उसळून चालवणाऱ्याच्या अंगावर येते. हे इतक्या झटकन घडते की माणसाला सावध व्हायलाही वेळ मिळत नाही. म्हणून १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पुढच्या मुठीसमोर साखळी थांबवणारा ब्रेक आला. मूठ अंगठ्याने वेढून धरायची ती याचसाठी. अंगठा नुसता वर टेकवला, तर झटक्यासरशी डावा हात पुढे घसरतो.

चेनसॉच्या खास हातमोज्यात डाव्या हाताच्या पाठीवर जादा थर असतो, त्याचे कारण हेच. हा थर पोलादासारखा टणक असेल, असे विद्यार्थ्यांना वाटेल. प्रत्यक्षात त्यात लांब, चिवट, सैल धागे असतात. ते साखळीबरोबर ओढले जाऊन तिच्या दातेरी चाकात गुंततात आणि साखळी अडते. भरवेगातल्या साखळीपुढे मात्र त्याचीही शाश्वती नाही. बाजारातला सैल सुती मोजा तर साखळीत अडकून हातच ओढून नेऊ शकतो. अडकलेला भुसा काढताना किंवा साखळी ताणताना इंजिन बंदच हवे. मोजा घातला म्हणून ते चालू ठेवून भागत नाही.

दुसरा धोका रक्त न काढता येतो. इंजिन मिनिटाला ९,००० फेरे घेत असेल, तर मुठीला सेकंदाला १५० हादरे बसतात. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातील पाथरवटांची हवेच्या दाबावरील हातोड्यांमुळे पांढरी पडणारी बोटे डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी १९१८ मध्येच तपासली होती. १९६० च्या दशकात तीच तक्रार युरोप-जपानमधल्या वनकामगारांत दिसू लागली. मग मुठी व इंजिन यांच्यामध्ये रबर आले. जपानने रोजच्या वापराचे तासही मर्यादित केले. जाड हातमोजा इथे फारसा उपयोगी पडत नाही. पकड सैल वाटते म्हणून माणूस मूठ अधिक आवळतो, आणि आवळलेल्या मुठीतून कंपने जास्तच वर चढतात.

आता आपल्या भागाकडे येऊ. बोटे पांढरी पडतात ती मुख्यतः थंडीने रक्तवाहिन्या आकसल्यामुळे. उष्ण प्रदेशांतल्या पाहण्यांत ही खूण कमी आढळते. मुंग्या येणे आणि बधिरपणा मात्र तिथेही असतो. चंद्रपूरचा उन्हाळा ४५ अंशांपलीकडे जातो. तेव्हा आलापल्लीच्या जंगलात काम केलेल्या माणसाची बोटे नेहमीच्या रंगाची दिसली, म्हणून नसा शाबूत आहेत असे ठरत नाही. त्याला विचारायचे ते वेगळेच: सदऱ्याचे बटण न पाहता लागते का? जमिनीवर पडलेली काडी चिमटीत उचलता येते का? रात्री हात झोपमोड करतात का?