एकोणचाळीस दात

१९७४ साली मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका वस्तादांच्या हाताखाली काम शिकत होतो. ऐन पावसात गगनबावड्याकडून एक जीप आली. फ्रंट टाकला, म्हणजे पुढच्या चाकांनाही जोर दिला, की पुढून कटकट ऐकू यायची. वस्ताद म्हणाले, "पुढचा डिफ्रन्सल उतरव."

दोन चाकांना जोर वाटून देणारा हा डिफ्रन्सल मधोमध नसतो. ट्रान्सफर केसमधून पुढं जाणारा शाफ्टच उजवीकडून निघतो, म्हणून तोही उजवीकडं सरकलेला. अमेरिकेत ही बाजू शेजारच्याची, आपल्याकडं ड्रायव्हरची.

चाकं, हब, स्पिंडल उतरवून दोन्ही आक्सल बाहेर ओढले. तेल सोडलं, तर त्यात चांदीसारखा चुरा. पुढचं झाकण काढलं. बेअरिंगच्या कॅपांना पंचानं खुणा केल्या. डावी-उजवी अदलाबदल झाली तर सगळं काम वाया. मग दोन पहारी लावून क्राऊनसकट, म्हणजे मोठ्या दातेरी चाकासकट, गाभा बाहेर काढला. बेअरिंगखालच्या शिमा, म्हणजे पातळ चकत्या, वस्तादांनी दोन वेगळ्या तारांत ओवल्या.

"आता दात मोज."

छोट्या पिनियनला आठ, क्राऊनला एकोणचाळीस. मागं मोजले तर आठाला त्रेचाळीस. वस्ताद हसले. "पुढचा लढाईतला हाय, मागचा नंतरचा."

विलीज आणि फोर्डनं १९४१ ते ४५ मध्ये लष्करासाठी केलेल्या जीपांत एकोणचाळीसचा क्राऊन असे. १९४५ साली विलीजनं शेतीकामाला म्हणून साधी जीप काढली, तेव्हा ओढ वाढवायला त्रेचाळीसचा घातला. लढाई संपल्यावर अमेरिकनांनी इथं ठेवलेला माल विकला गेला, त्यात जीपाही होत्या. त्याच दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत माझगावला विलीजच्या जीपा जोडायला घेतल्या. कंपनी १९४५ ची, मूळ नाव महिंद्रा अँड मोहम्मद. त्यातले गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ साली पाटीवर दोन्हीकडं महिंद्राच उरले. जीप मात्र दोन्ही काळांची, त्यामुळं भंगारात दोन्ही जातींचे क्राऊन एकाच ढिगात.

कुणीतरी त्याच ढिगातला डिफ्रन्सल या गाडीला बसवलेला. एरवी कळलंही नसतं. पण फ्रंट टाकला की, क्राऊनचे दात कमी असल्यानं, पुढची चाकं मागच्यांपेक्षा दहा टक्के जास्त पळू बघायची. चिखलात चाक घसरून हिशेब मिटायचा; डांबरीवर मिटेना, आणि शेवटी पिनियनचा दात गेला.

आठ-त्रेचाळीसची जोडी मिळायला नऊ दिवस लागले. दातांना निळा रंग लावून ठसा बघत, शिमा बदलत वस्ताद रात्रीपर्यंत बसले. जुना क्राऊन त्यांनी टाकला नाही. कितीतरी वर्षं आमची चहाची किटली त्याच्यावर असायची.