मोशन कॅप्चर आणि नृत्याची नोंद

नर्तकाच्या सांध्यांवर परावर्तक ठिपके लावून इन्फ्रारेड कॅमेऱ्यांनी त्याची हालचाल टिपणे म्हणजे ऑप्टिकल मोशन कॅप्चर. एकच ठिपका किमान दोन कॅमेऱ्यांना दिसला की संगणक त्याचे अवकाशातील स्थान काढतो. मर्स कनिंगहॅम यांच्या 'बायपेड' (१९९९) या रचनेत अशाच नोंदींवरून पॉल कायझर व शेली एश्कर यांनी घडवलेल्या आकृत्या झिरझिरीत पडद्यावर, जिवंत नर्तकांसोबत नाचल्या.

झुइडासमधील व्रिये विद्यापीठात मानवी हालचालींचे शास्त्र शिकवले जाते. त्या शास्त्राला सांध्याचा कोन बराच पुरतो. नृत्याला पुरत नाही. अ‍ॅमस्टरडॅममध्येच एमिओ ग्रेको व पीटर स्कोल्टेन यांच्या नृत्यावर आधारलेल्या 'कॅप्चरिंग इंटेन्शन' (२००७) या प्रकल्पाने हालचालीमागील हेतू कसा नोंदवावा, याचा शोध घेतला. त्यासाठी चित्रफीत, लाबान व बेनेश या नृत्यलिपी आणि नर्तकाला प्रतिसाद देणारी संगणकीय मांडणी यांचा एकत्रित वापर झाला.

बैठकीच्या लावणीत हा पेच अधिकच तीव्र होतो. तिथे सारी अदा नजरेत आणि हातांत असते. सांध्यांवरचे ठिपके जवळजवळ मुके राहतात. चेहऱ्यावर वेगळे ठिपके चिकटवता येतात, पण ते मुद्राभिनयाच्याच आड येण्याची शक्यता असते. कथकातील घुंगरांचा नाद तर स्वतंत्रपणेच ध्वनिमुद्रित करावा लागतो.