शहात्तरावा हिस्सा

तळहातावर मावणाऱ्या तांबड्या दुमजली बसच्या खोक्यावर १:७६ असा एक आकडा छापलेला असतो. मुरलेल्या संग्राहकाला झोपेतून उठवून विचारला तरी तो बिनचूक सांगेल. परंतु मूळ वाहनाचे नेमके शहात्तरच हिस्से का केले, पन्नास किंवा शंभर असा सुटसुटीत आकडा का पत्करला नाही, असे विचारताच 'वहिवाटच आहे तशी' एवढे बोलून तो मोकळा होतो. वहिवाटीलाही मूळपुरुष असतोच, अशा समजुतीने मी या आकड्याचा माग काढीत निघालो, तेव्हा बसच्या आगाराकडे जाईल असे वाटणारी ती वाट मला आगगाडीच्या, तीही खेळण्यातल्या आगगाडीच्या, रुळांवर घेऊन गेली.

खेळण्यातल्या आगगाड्यांत 'ओ' नावाचे एक माप फार प्रचलित होते. त्याचे निम्मे केले तेव्हा फुटाला साडेतीन मिलिमीटर, म्हणजे १:८७ हे प्रमाण आणि रुळांमधले १६.५ मिलिमीटरांचे अंतर निश्चित झाले. जर्मन एंजिने धिप्पाड, त्यांना हे माप मानवले. इंग्लंडात मात्र बोगदे आणि पूल रेल्वेच्या अगदी आरंभकाळी, हात आखडून बांधलेले असल्यामुळे तिथली एंजिने अंगाने बारीक राहिली होती, आणि त्यांची साडेतीन मिलिमीटरांची प्रतिकृती केली तर त्या काळची विजेची मोटर तिच्या पोटात शिरेना. यावर इंग्रज कारागिरांनी जी तोड काढली ती इंग्रजी स्वभावाला साजेशीच होती: रूळ होते तेच ठेवले आणि एंजिनाचे अंग तेवढे फुगवून फुटाला ४ मिलिमीटर केले. फूट म्हणजे ३०४.८ मिलिमीटर, त्याला चाराने भागले की ७६.२ येतात. वरचे दोन दशांश खोक्यावर कोणी छापीत नाही. या विजोड संसारात ४ फूट साडेआठ इंचांचा रूळमार्ग ४ फूट दीड इंचाचाच भरतो, ही सात इंचांची तूट बहुतेक इंग्रज हौशी मंडळी आजतागायत सोसत आली आहेत.

आता आगगाडी आली की स्टेशन आले, आणि स्टेशनाबाहेर उतारूंची वाट पाहणारी बस आली. ती एंजिनाच्या मापाशी विसंगत दिसून कसे चालेल? स्टेशनाची शोभा म्हणून आलेली ही पाहुणी पुढे घरमालकीण झाली, आणि १९८९ साली 'एक्सक्लुझिव्ह फर्स्ट एडिशन्स'ने निव्वळ संग्राहकांसाठी बसची मालिका काढली, तेव्हा रूळ कुठेच नसताना माप मात्र रुळांवरचेच राहिले.

या मताला प्रतिस्पर्धी आहेत. कोणी म्हणतात, छोट्या गाड्यांचे माप खोक्याने ठरविले. आणि दाखला देतात लेस्नी कंपनीच्या जॅक ओडेलचा, ज्याच्या मुलीला शाळेत काडेपेटीत मावेल एवढेच खेळणे नेण्याची मुभा होती व ज्याने तिच्यासाठी एक चिमुकला रोडरोलर घडविला. गोष्ट गोड आहे, आणि १९५३ पासूनच्या 'मॅचबॉक्स' गाड्यांपुरती ती लागूही पडते. पण सारख्याच खोक्यात बस आणि मोटार दोन्ही कोंबायच्या म्हटल्यावर प्रमाण ते काय उरणार! लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने १९३८ मध्ये काढलेली डिंकी दुमजली बस सुमारे ४ इंच लांब होती; २६ फुटी बस फुटाला ४ मिलिमीटरांनी १०४ मिलिमीटर भरते, म्हणजे चार इंचांहून जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर अधिक. त्याच वर्षी त्याच कंपनीने ४ मिलिमीटरांची 'हॉर्नबी डब्लो' आगगाडी बाजारात आणली. एका घरात एका वर्षी जन्मलेल्या या भावंडांची उंची योगायोगाने जुळली असे ज्यांना मानायचे असेल त्यांनी खुशाल मानावे. मला निर्णायक वाटणारा पुरावा जर्मनीतला आहे: तिथल्या विकिंग आणि रीत्से या कंपन्यांच्या बस १:८७ प्रमाणात असतात. त्यांच्या एंजिनात मोटर मावली होती, म्हणून त्यांच्या बस लहान राहिल्या.

तसे उसने अंग बसला नवे नाही. तिचे नावसुद्धा शेपूट आहे. ओम्नेस नावाच्या टोपीवाल्याच्या पाटीवरून नांत शहरात 'ऑम्निबस' शब्द रूढ झाला असे सांगतात. ती टोपी माझ्या डोक्यावर काही बसत नाही. 'ऑम्निबस' म्हणजे लॅटिनमध्ये 'सर्वांसाठी', आणि त्यातला 'बस' हा चतुर्थीच्या अनेकवचनाचा प्रत्यय, आपल्या 'सर्वेभ्यः'मधल्या 'भ्यः'चा सगोत्र. शाळेत 'रामाय रामाभ्यां रामेभ्यः' घोकताना आपण आगाराच्या फाटकाशी उभे आहोत, हे आम्हांला कुणी सांगितले नाही.

फूट इंग्रजांचा आणि मिलिमीटर फ्रेंचांचा, या आंतरजातीय विवाहाचा खरा लाभ घरी प्रतिकृती करणाऱ्याला होतो. लंडनची रूटमास्टर साडेसत्तावीस फूट लांब; चाराने गुणा, ११० मिलिमीटर. मी पहिल्या बसच्या भिंती ३ मिलिमीटरांच्या सनबोर्डाच्या केल्या आणि मग हिशेब मांडून पाहिला: ३ मिलिमीटर म्हणजे ९ इंच. आपल्याकडे घराची वीटबंदी भिंत तेवढी असते! ती बस मोडून पातळ कार्डशीटची केली, तर रंगाचे तीन हात देताच खिडक्यांच्या कडा बुजल्या, कारण रंगाचा पाव मिलिमीटर थर तिथे पाऊण इंची गिलावा होतो.

मुंबईच्या रस्त्यांवर १९३७ साली आलेली दुमजली बस सप्टेंबर २०२३ मध्ये तिच्या जुन्या डिझेल रूपात कायमची निघून गेली. तिचे सांगाडे ज्यांनी हाताने बांधले, त्यांपैकी कुणाच्या घरी जुना नकाशा किंवा मापांची वही पडून असेल, तर ती रद्दीत घालू नये. मापे फुटांत असली तर उत्तमच. चाराने गुणण्याचे काम आम्ही करून घेऊ.