शाळकरी खेळाडू आणि कॉलेजचा हिशेब

अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये दरवर्षी ड्राफ्ट होतो. हा लिलाव नव्हे; ३० संघ ठरलेल्या क्रमाने एकेक होतकरू खेळाडू निवडतात. एखाद्या संघाने हायस्कुलातला मुलगा निवडला की हटकून ऐकू येतं: शाळकरी पोर म्हणजे जुगार, कॉलेजचा खेळाडू म्हणजे भरवसा.

हे मत पोकळ नाही. बेसबॉलच्या आकडेवारीचे अभ्यासक बिल जेम्स यांनी १९८०च्या दशकात जुने ड्राफ्ट तपासून कॉलेजच्या खेळाडूंचं पारडं जड असल्याचं दाखवलं. २००३ साली मायकेल लुईस यांच्या ‘मनीबॉल’ या पुस्तकाने ओकलंड संघाचे व्यवस्थापक बिली बीन यांच्या निमित्ताने तो विचार सर्वतोमुखी केला. युक्तिवाद असा: शाळेतले आकडे दुबळ्या गोलंदाजीवर जमवलेले असतात, शरीर अजून घडायचं असतं, कॉलेजचा खेळाडू मात्र तीन वर्षं कसाला लागलेला असतो.

पण ‘मनीबॉल’मधलाच २००२चा ड्राफ्ट समोर ठेवा. ओकलंडने १६व्या क्रमांकावर कॉलेजचा निक स्विशर घेतला. लगेच १७व्या क्रमांकावर फिलाडेल्फियाने शाळकरी कोल हॅमल्स उचलला. शाळेत असतानाच त्याचा गोलंदाजीचा हात मोडला होता. तोच २००८च्या वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. २४व्या क्रमांकावर ओकलंडने जो ब्लँटन निवडला आणि २५व्यावर सॅन फ्रान्सिस्कोला शाळकरी मॅट केन मिळाला, ज्याने २०१२ साली परफेक्ट गेम टाकला, म्हणजे एकाही फलंदाजाला बेसवर पोहोचू दिलं नाही. स्विशर आणि ब्लँटन वाईट नव्हते, चांगले खेळले. पण याच ड्राफ्टमधला पहिल्या क्रमांकाचा कॉलेजचा पिचर ब्रायन बुलिंग्टन याच्या नावावर मेजर लीगमधला एकच विजय आहे. उलट पुढे गाजलेले सहाव्या-सातव्या क्रमांकांचे झॅक ग्रेंकी आणि प्रिन्स फील्डर शाळेतून आलेले.

एका वर्षावरून सिद्धांत उभा राहत नाही, हे मान्य. माझा खरा आक्षेप हिशेबाच्या वहीवर आहे. गेरिट कोलला २००८ साली यांकीजनी शाळेतूनच पहिल्या फेरीत, २८व्या क्रमांकावर निवडलं होतं. त्याने करार नाकारला, तो यूसीएलए विद्यापीठात गेला आणि २०११ साली पिट्सबर्गने त्याला पहिल्या क्रमांकावर घेतलं. आता त्याची कारकीर्द कॉलेजच्या खात्यात जमा होते. बॅरी बाँड्सचं तेच: १९८२ साली सॅन फ्रान्सिस्कोने त्याला हायस्कुलातून दुसऱ्या फेरीत निवडलं, व्यवहार फिसकटला, आणि तीन वर्षांनी तो ॲरिझोना स्टेटमधून आला. शाळेतच त्यांना ओळखणाऱ्या स्काउटची, म्हणजे संघासाठी खेळाडू हेरणाऱ्याची, नजर चुकली नव्हती. श्रेय मात्र दुसऱ्या रकान्यात गेलं.

मग शाळकरी मुलाचं माप कशाने घ्यावं? त्याच्या शाळेच्या हंगामातल्या सरासरीने तर नक्कीच नाही. पहिला प्रश्न वयाचा, आणि तोही महिन्यांत विचारायला हवा. २०११ साली रॅनी जझायर्ली यांनी जुने ड्राफ्ट तपासून दाखवलं की एकाच वर्गातल्या शाळकरी फलंदाजांत वयाने लहान असलेले अपेक्षेपेक्षा सरस ठरतात, तरीही संघ त्यांना कमी लेखत आले. माइक ट्राउटचा जन्म ऑगस्ट १९९१चा. २००९च्या ड्राफ्टच्या दिवशी तो सतराच वर्षांचा होता. न्यू जर्सीतल्या मिलव्हिलचा हा मुलगा. तिकडे वसंत ऋतूतही थंडी असते, त्यामुळे कॅलिफोर्निया-फ्लोरिडाच्या मुलांइतके सामने त्याला मिळत नसत. एंजल्स संघाचे स्काउट ग्रेग मोरहार्ट त्याच्या वडिलांबरोबर मायनर लीगमध्ये खेळले होते. मुलाचा वेग आणि बॅटने चेंडूवर बसणारा फटका त्यांनी जवळून पाहिला आणि त्याच्यासाठी ठाम आग्रह धरला. ट्राउट २५व्या क्रमांकापर्यंत शिल्लक राहिला. पुढे तीनदा एमव्हीपी, म्हणजे लीगचा हंगामातला सर्वोत्तम खेळाडू झाला.

शाळकरी पिचरच्या बाबतीत सावधगिरी रास्त आहे. २००२चेच तिसऱ्या आणि पाचव्या क्रमांकांचे ख्रिस ग्रूलर आणि क्लिंट एव्हर्ट्स दुखापतींनी ग्रासले आणि मेजर लीगपर्यंत पोहोचलेच नाहीत. पण इथेही वही तपासून घ्यावी. अठरा ते एकवीस या वर्षांत कॉलेजात ज्यांचे खांदे-कोपर कायमचे निकामी होतात, त्यांना ड्राफ्टमध्ये कोणी वरचा क्रमांक देत नाही; त्यांचं नुकसान कॉलेजच्या रकान्यात दिसतच नाही. शाळेतून निवडलेल्या मुलाची तीच दुखापत मात्र निवडणाऱ्या संघाच्या आणि स्काउटच्या नावावर कायमची लागते.