एका ठरावाचे चरित्र : रावबहादूर सी. के. बोले आणि मुंबईचे कौन्सिल

प्रभादेवीच्या सिद्धिविनायक मंदिराचा पत्ता लिहिताना आपण ‘एस. के. बोले मार्ग’ असे लिहितो. दर मंगळवारी हजारो माणसे या रस्त्यावर रांगेत उभी असतात. हे बोले कोण, असे त्यांतल्या कुणाला विचारले तर उत्तर मिळण्याची शक्यता कमीच. महाडच्या चवदार तळ्याचा इतिहास वाचलेल्यांना ‘बोले ठराव’ हे दोन शब्द ठाऊक असतात. पण तिथेही ठराव लक्षात राहतो, बोले राहत नाहीत. सत्याग्रहाच्या कथेत एका वाक्यापुरते ते येतात आणि पुढच्या वाक्याला नाहीसे होतात.

या लेखाचा हेतू त्यांची विस्मृतीतून सुटका करणे एवढाच नाही. कायदेमंडळात बसलेला एक सभासद समाजात नेमके किती बदलू शकतो, हा प्रश्न आजही शिळा झालेला नाही. बोले यांनी 1923 ते 1926 या तीन वर्षांत कौन्सिलात केलेली तीन कामे एकमेकांशेजारी ठेवली, तर या प्रश्नाचे एक बरेच स्पष्ट उत्तर हाती लागते.

परळ-दादरचा माणूस

सीताराम केशव बोले भंडारी समाजातले. माडाची माडी काढणे हा या समाजाचा परंपरागत धंदा. कोकणपट्टीतून आणि मुंबई बेटावर तो पूर्वापार पसरलेला. बोले यांच्या सार्वजनिक जीवनाची सुरुवात जातिसंस्थेच्या सुधारणेतून आणि गिरणगावातून झाली. नारायण मेघाजी लोखंडे यांच्यानंतर मुंबईच्या गिरणी कामगारांत जी पहिली टिकाऊ कामे उभी राहिली, त्यांत 1909 च्या सुमारास स्थापन झालेली कामगार हितवर्धक सभा महत्त्वाची होती. बोले तिचे प्रमुख चालक होते. ही संघटना संप लढवण्यापेक्षा अर्ज-विनंत्या, मध्यस्थी, शिक्षण, दारूबंदीचा प्रचार यांवर भर देणारी होती. पुढच्या काळातल्या लाल बावट्याच्या युनियनवाल्यांना ती मवाळ वाटली यात नवल नाही. बोले यांचा पिंडच तसा होता. सरकारदरबारी रुजू असलेला, ‘रावबहादूर’ किताब मिरवणारा, पण चाळीतल्या माणसाच्या अडचणी जवळून पाहिलेला असा हा गृहस्थ होता.

याच गिरणगावातल्या एका लहानशा समारंभाची नोंद सगळ्या आंबेडकर-चरित्रांत आहे. 1907 साली भीमराव रामजी आंबेडकर हा विद्यार्थी मॅट्रिक पास झाला. महार जातीतल्या मुलाने ही मजल मारणे एवढे दुर्मीळ होते, की त्याच्या अभिनंदनाची सभा भरली. कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. त्या सभेचे अध्यक्ष सी. के. बोले होते. केळुसकरांच्या पुस्तकाचे पुढे काय झाले ते सर्वांना माहीत आहे. अध्यक्षांनी पुढे काय केले, ते आता पाहू.

शिफारस करणारे सभागृह

1919 च्या कायद्याने प्रांतांना ‘द्विदल’ राज्यपद्धती मिळाली आणि 1921 पासून नवी कौन्सिले सुरू झाली. शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य ही ‘सोपीव’ खाती लोकनियुक्त सभासदांतून निवडलेल्या मंत्र्यांकडे आली. पोलीस, जमीनमहसूल, अर्थ, न्याय ही ‘राखीव’ खाती गव्हर्नर आणि त्याच्या कार्यकारी मंडळाकडेच राहिली. मताचा हक्क मालमत्ता आणि कर यांवर अवलंबून होता. मुंबई इलाख्यात ‘मराठे व तत्सम जातीं’साठी सात जागा राखून ठेवल्या होत्या. असहकारितेच्या चळवळीमुळे काँग्रेसने पहिल्या निवडणुकीवर बहिष्कार घातला होता. त्या रिकाम्या जागेत मवाळ आणि ब्राह्मणेतर पक्षाचे लोक आले. शाळेत, दवाखान्यात, कचेरीत सामान्य माणसाचे काय हाल होतात हे सभागृहात बोलणारी माणसे त्यांच्यामुळे पहिल्यांदाच एवढ्या संख्येने आत शिरली.

मात्र सभासदाच्या हातातले हत्यार बोथट होते. कौन्सिलाने ठराव मंजूर केला तरी कायद्याने तो शिफारसच ठरे. सरकारने तो मानावा असे बंधन नव्हते. ही मर्यादा ध्यानात ठेवूनच 4 ऑगस्ट 1923 चा ठराव वाचला पाहिजे.

ठरावाचा आशय असा होता : सार्वजनिक पैशातून बांधलेले वा राखलेले, किंवा सरकारने नेमलेल्या अथवा कायद्याने स्थापन झालेल्या संस्थांच्या ताब्यातले सगळे पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत, अशी हे कौन्सिल शिफारस करते.

यात धर्माचा उल्लेख नाही, शास्त्राधार नाही, भूतदयाही नाही. बोले यांनी मोजपट्टी धरली ती पैशाची. विहीर कुणाच्या पैशाने बांधली, एवढाच प्रश्न. पैसा सर्वांचा असेल तर पाणीही सर्वांचे. अस्पृश्यता हे पाप आहे की नाही यावर सनातन्यांशी वाद घालत बसले असते, तर तो वाद संपला नसता. सार्वजनिक पैशाच्या मुद्द्यावर मात्र कर देणाऱ्या कुणालाही नाही म्हणणे कठीण होते. ठरावाच्या यशाचे मर्म या मांडणीत आहे.

ठराव मंजूर झाला. 11 सप्टेंबर 1923 रोजी सरकारने आदेश काढला. तो जपून वाचला की पुढच्या सगळ्या घटनांचे बीज त्यात सापडते. सरकारच्या स्वतःच्या मालकीच्या जागांपुरती खातेप्रमुखांना ठरावाची अंमलबजावणी करण्याची आज्ञा होती. नगरपालिका आणि लोकल बोर्डे यांच्याबाबत भाषा बदलली. या संस्थांनी ही शिफारस स्वीकारणे इष्ट आहे काय याचा विचार करावा, असा सल्ला कलेक्टरांनी त्यांना द्यावा, एवढेच सांगितले होते. गावोगावच्या विहिरी आणि तळी बहुतांशी याच संस्थांच्या ताब्यात. म्हणजे जिथे तहान होती तिथे आज्ञा नव्हती, सल्ला होता. आणि तोही विचार करण्याचा.

‘हरकत नाही’

बहुतेक संस्थांनी विचार करण्याचेही कष्ट घेतले नाहीत. महाडची नगरपालिका अपवाद ठरली. 5 जानेवारी 1924 रोजी तिने ठराव केला, की चवदार तळे अस्पृश्यांनी वापरण्यास नगरपालिकेची हरकत नाही. सुरेंद्रनाथ टिपणीस आणि अनंतराव चित्रे यांच्यासारखी सुधारक माणसे त्या गावात होती, हे या अपवादामागचे मोठे कारण.

पण नगरपालिकेची हरकत नसली तरी तळ्याच्या चहूबाजूंनी घरे असलेल्या सवर्णांची होती. तीन वर्षे एकाही अस्पृश्याने त्या पाण्याला हात लावला नाही. कागदावर तळे खुले होते आणि काठावर बंद होते.

बोले यांना हे दिसत होते. 5 ऑगस्ट 1926 रोजी त्यांनी कौन्सिलात दुसरा ठराव मांडला : ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे पहिला ठराव अमलात आणायला नकार देतील, त्यांना सरकारने अनुदान देऊ नये. पहिल्या ठरावात पैसा हक्काचा आधार होता, दुसऱ्यात तो दंडाचा झाला. आदेश काढून ऐकत नाहीत तर तिजोरीची चावी फिरवा, एवढे हे सरळ गणित होते. पण ही चावी फिरवण्याची शिफारसही पुन्हा शिफारसच होती.

पुढचा भाग कौन्सिलाबाहेर घडला. 19 आणि 20 मार्च 1927 रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारख्या तरुण कार्यकर्त्यांनी खेड्यापाड्यांतून माणसे आणली होती. दुसऱ्या दिवशी समारोपाच्या वेळी अनंतराव चित्रे यांनी नगरपालिकेच्या ठरावाची आठवण करून दिली आणि सगळ्यांनी आत्ताच तळ्यावर जावे अशी सूचना केली. डॉ. आंबेडकर पुढे झाले, मागोमाग सारी परिषद निघाली. कागदावरचा हक्क त्या दिवशी ओंजळीत आला.

त्याची किंमतही लगेच मोजावी लागली. अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी आवई उठली आणि गावी परतण्याच्या तयारीत असलेल्या, जेवायला बसलेल्या लोकांवर लाठ्या चालल्या. नंतर 108 घागरी पंचगव्याचे उपचार करून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. 4 ऑगस्ट 1927 रोजी नगरपालिकेने आपला 1924 चा ठराव मागे घेतला. तारीख लक्षात घेण्यासारखी आहे. बोले ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे पूर्ण झाली होती.

त्या डिसेंबरात सवर्णांनी दिवाणी दावा लावून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. त्यामुळे दुसऱ्या परिषदेला तळ्यावर न जाता थांबावे लागले. दाव्याचा शेवट उच्च न्यायालयात 17 मार्च 1937 रोजी अस्पृश्यांच्या बाजूने झाला. तळ्यावर केवळ सवर्णांचा हक्क असल्याची रूढी अनादिकालापासून चालत आली आहे, हे वादींना सिद्ध करता आले नाही, म्हणून ते हरले. दहा वर्षांच्या या लढाईत निकाल फिरला तो रूढीच्या पुराव्यावर. कौन्सिलाच्या शिफारशीने लोकांना तळ्याच्या काठापर्यंत आणले. न्यायालयात तिचे वजन तेवढे नव्हते.

जोशांचे वतन

बोले यांचे तिसरे काम आज फारसे कुणाला आठवत नाही. ते मात्र पूर्णपणे तडीस गेले. गावजोशाचे वतन वंशपरंपरागत असे. यजमानाने लग्न दुसऱ्या भटजीकडून लावले किंवा भटजीशिवायच लावले, तरी वतनदार जोशी आपल्या दक्षिणेसाठी कोर्टात जाऊ शके, आणि अनेक दाव्यांत कोर्टांनी हा हक्क मान्यही केला होता. जोतीराव फुले यांनी 1873 मध्ये सत्यशोधक समाज स्थापन करून पुरोहितावाचून विवाह लावायला सुरुवात केली, तेव्हापासून हा खटल्यांचा त्रास खेड्यातल्या सत्यशोधकांना भोगावा लागत होता. न केलेल्या कामाची मजुरी द्यावी लागते, ही त्यांची तक्रार होती.

बोले यांनी या प्रश्नावर कौन्सिलात खासगी विधेयक आणले. ते ‘जोशी बिल’ म्हणून गाजले आणि 1926 साली त्याचा कायदा झाला. न बोलावता, न केलेल्या धार्मिक विधीबद्दल पैसे वसूल करण्याचा हक्क त्याने संपवला. फुल्यांच्या मृत्यूनंतर छत्तीस वर्षांनी त्यांच्या एका मूळ मागणीवर कायद्याचे शिक्कामोर्तब झाले.

एकच सभासद, तेच सभागृह, तोच काळ. मग जोशांच्या बाबतीत कायदा झाला आणि पाण्याच्या बाबतीत शिफारस का राहिली? माझ्या मते याचे उत्तर दोन अन्यायांच्या स्वरूपात आहे. जोशाचा हक्क कोर्टाच्या आधाराने उभा होता. कायद्याने तो आधार काढून घेतला की हक्क आपोआप कोसळत होता. सरकारला एकही शिपाई पाठवावा लागत नव्हता. चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्यांना नाकारणारा कायदा मात्र कुठेच नव्हता. ते नाकारत होता तो काठावरचा शेजारी, त्याचा धाक आणि त्याची काठी. तिथे सरकारने बाजूला होणे पुरेसे नव्हते, तर अस्पृश्यांच्या बाजूने उभे राहण्याची गरज होती. त्याला पोलीस लागतात, आणि पोलीस खाते ‘राखीव’ होते. पोलीस हाताशी असते तरी सवर्णांना दुखावण्याची इच्छा लागते, आणि ती ना सरकारपाशी होती ना बहुतेक सभासदांपाशी.

वाटा वेगळ्या

1926 मध्येच दादरच्या सार्वजनिक गणेशोत्सवात अस्पृश्यांनाही पूजेचा हक्क हवा म्हणून जे आंदोलन झाले, त्यात प्रबोधनकार ठाकरे आणि डॉ. आंबेडकर यांच्याबरोबर बोले होते. पुढच्या वर्षी आंबेडकर नामनियुक्त सभासद म्हणून त्याच कौन्सिलात आले. मॅट्रिकच्या समारंभातला विद्यार्थी आणि अध्यक्ष आता एका सभागृहात बसू लागले.

पण वाटा एक राहिल्या नाहीत. 1930 नंतर बोले हिंदुमहासभेकडे वळले आणि सावरकरांच्या सहकाऱ्यांत गणले जाऊ लागले. 1935 मध्ये आंबेडकरांनी येवल्याला हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. दोघांच्याही सुरुवातीला पाण्याचा प्रश्न होता. बोले यांना तो हिंदू समाज एक करण्याचा मार्ग वाटला. आंबेडकरांना महाडच्या अनुभवातून कळून चुकले, की पाणी मिळाले तरी शेजारी मिळत नाही. बोले विस्मृतीत जाण्याचे एक कारण बहुधा येथेच आहे. आंबेडकरी परंपरेला त्यांचा उत्तरार्ध परका, हिंदुत्ववाद्यांना त्यांचा सत्यशोधकी पूर्वार्ध गैरसोयीचा, आणि डाव्यांना त्यांचा रावबहादुरी किताब नकोसा. कुणाच्याच मिरवणुकीत त्यांची तसबीर बसत नाही.

तरीही त्यांनी धरलेली मोजपट्टी टिकली. आपल्या राज्यघटनेच्या 15 व्या अनुच्छेदात विहिरी, तळी, स्नानघाट, रस्ते यांच्या वापराबद्दल जे कलम आहे, ते पूर्णतः वा अंशतः राज्याच्या पैशातून राखलेल्या जागांविषयी बोलते. हे शब्द बोले ठरावातूनच आले असे ठामपणे म्हणता येणार नाही. पण 1923 साली मुंबईच्या कौन्सिलात ज्या कसोटीला केवळ शिफारशीचे बळ होते, ती 1950 साली मूलभूत हक्क झाली, आणि तो मसुदा करणाऱ्या समितीचा अध्यक्ष चवदार तळ्याचे पाणी पिऊन आलेला होता.

ठरावाने पाणी मिळाले नाही, हे खरेच. पण महाडला त्या दुपारी निघालेल्या लोकांना आपण भीक मागायला नव्हे, मंजूर झालेला हक्क वापरायला चाललो आहोत असे म्हणता आले, ते त्या ठरावामुळे. अशा सभासदाचे नाव रस्त्याच्या पाटीवर तरी राहिले आहे. सिद्धिविनायकाच्या रांगेत पुढच्या वेळी उभे राहाल, तेव्हा ती पाटी एकदा वाचा.