घोट्यावरची जखम आणि रक्ताची साक्ष

आमगावचे नाव घेतले की साहित्याच्या वाचकाला शेजारचे पदमपूर आणि भवभूती आठवतो. त्याच्या जन्मगावाचा मान या भागाने अभिमानाने जपला आहे. मी मात्र या पट्ट्याकडे वेगळ्याच इतिहासासाठी वळलो. हा धानाचा मुलूख. रोवणीच्या दिवसांत बाया-माणसे दिवसदिवस बांधीच्या चिखलात उभी असतात. पायाला काही लागले तर ते कुणी मोजत नाही. बहुतेक जखमा आपोआप भरतात. एखादी मात्र घोट्याजवळ चिघळत राहते. मलम तेच, पट्टी तीच. मग फरक कशाचा? याचे उत्तर वैद्यकाला जखमेत नव्हे, रक्तात सापडत गेले. त्या शोधाचा एक धागा विदर्भातून जातो.

सुरुवात मात्र फार दूरची. डिसेंबर १९०४मध्ये शिकागोच्या प्रेस्बिटेरियन रुग्णालयात वॉल्टर क्लेमेंट नोएल हा वीस वर्षांचा तरुण दाखल झाला. कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनाडा बेटावरून तो दंतवैद्यक शिकायला आला होता. खोकला, ताप, धाप ही तक्रार. पण पायांवर जुन्या जखमांचे वण होते. अमेरिकेत उतरला तेव्हाही घोट्यावर दुखरी जखम होती आणि न्यूयॉर्कच्या डॉक्टरने तिला आयोडीन लावले होते. शिकागोत अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरने त्याचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली धरले, तर काही तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकलेल्या! त्यांचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी १९१०मध्ये ही हकिकत छापली. वैद्यकाच्या इतिहासात तिची नोंद रक्तक्षयाची हकिकत म्हणून होते. मला ती जखमेचीही वाटते. आयोडीन लावणाऱ्याने काही चूक केली नव्हती. त्याने फक्त घोटा पाहिला.

पेशी वाकतात का, हे कळायला १९४९ उजाडावे लागले. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की या रुग्णांचे हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रात निराळ्या गतीने सरकते. हीच इलेक्ट्रोफोरेसिसची तपासणी. १९५२मध्ये लेहमन आणि कटबुश यांना निलगिरीच्या आदिवासींत सिकलसेल आढळला. १९५८मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांचा मध्य भारतातल्या सिकलसेलवरचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि नागपूरचा परिसर या नकाशावर उमटला. पुढे ‘अमक्यांचा आजार’ असा शिक्काही बसला. लग्नाच्या बोलणीत तो अजून भोवतो. वास्तविक विदर्भात तो आदिवासी, अनुसूचित जाती आणि इतर मागासवर्गीय अशा सगळ्याच समाजांत आढळतो.

इथवरची कथा सरळ आहे. वाकलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात. घोट्याजवळची कातडी पातळ, रक्ताभिसरण मुळातच बेताचे, म्हणून जखम भरत नाही. गुंता पुढे आहे. जमैकात सिकलसेलच्या रुग्णांना घोट्याच्या जखमा सर्रास होत. १९८६मध्ये ओडिशातल्या रुग्णांची तुलना जमैकाच्या रुग्णांशी झाली, तेव्हा दोन्हीकडे अहवाल ‘एसएस’ असूनही ओडिशात या जखमा क्वचितच दिसल्या. कारणे एकाहून अधिक असावीत. त्यांतले एक महत्त्वाचे म्हणजे आपल्याकडच्या रुग्णांत गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन, म्हणजे एचबीएफ, मोठेपणीही जास्त प्रमाणात टिकते आणि पेशींना वाकण्यापासून काहीसे वाचवते. म्हणजे नुसते ‘एसएस’ पुरत नाही. त्याच्या शेजारचा एचबीएफचा आकडाही वाचावा लागतो. आणि गोंदियात ‘एसएस’ रुग्णाची जखम सिकलसेलचीच, असे धरून चालणे घाईचे ठरते. साखर, फुगलेल्या शिरा, कुष्ठरोगाने गेलेली संवेदना, सगळेच पाहावे लागते.

औषधाचेही तसेच. हायड्रॉक्सियुरिया एचबीएफ वाढवते. तीव्र त्रास असलेल्या मुलांना ते कमी, ठरावीक मात्रेत देण्याचा नागपूरचा अभ्यास २०१२मध्ये प्रसिद्ध झाला. पण पायावर जखम असताना ते जपून द्यावे लागते. इतर काही रक्तविकारांत दीर्घकाळ घेतल्यावर याच औषधाने घोट्याला जखमा झाल्याच्या नोंदी आहेत. एकाचा उतारा तो दुसऱ्याचा अपाय.

या इतिहासाचे सर्वांत विलक्षण वळण मधुमेहाचे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस तेहरानमध्ये सॅम्युएल रहबर इलेक्ट्रोफोरेसिसने हिमोग्लोबिनचे वेगळे प्रकार शोधत होते. मधुमेही रुग्णांच्या रक्तात त्यांना एक जादा पट्टा दिसला. तोच आजचा एचबीए१सी, ‘तीन महिन्यांची साखर’. मधुमेही पायाची जखम हाताळताना डॉक्टर आधी हाच आकडा मागतात. पण तो काढताना तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते हे गृहीत धरलेले असते. ‘एसएस’ रुग्णाची पेशी जेमतेम दहा-वीस दिवस टिकते, आणि ज्याला साखर चिकटायची ते नेहमीचे हिमोग्लोबिन ए त्यात नसतेच. आकडा कागदावर चांगला दिसतो, पाय सडत राहतो. नुसत्या वाहकांतही काही यंत्रे चुकीचा आकडा देतात. अशा वेळी उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर, किंवा फ्रुक्टोसामाइनची तपासणी अधिक भरवशाची.

परदेशात आता जखमेतल्या स्रावात पेशींचा सांगाडा कुरतडणारी विकरे किती आहेत, हे मोजून मलमपट्टी ठरवण्याचे प्रयत्न चालू आहेत. ते आमगावपर्यंत पोहोचायचे तेव्हा पोहोचोत. सिकलसेलच्या प्राथमिक तपासणीला मात्र एक नळी आणि थोडे द्रावण पुरते: रक्त टाकल्यावर गढूळपणामुळे मागच्या रेघा दिसेनाशा झाल्या तर पुढे इलेक्ट्रोफोरेसिस करून वाहक की रुग्ण हे ठरवायचे.

१ जुलै २०२३ रोजी शहडोलमध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानात सात कोटी लोकांची अशी तपासणी ठरली आहे. वयोमर्यादा शून्य ते चाळीस. मधुमेहाने पायाला जखम होते ती बहुधा त्यानंतर. पंचावन्न वर्षांची रोवणीवाली बाई भरत नसलेली जखम आणि साखरेचा ‘नॉर्मल’ अहवाल घेऊन ओपीडीत येईल, तेव्हा ती सिकलसेलची वाहक आहे का, हे विचारायला त्या मोहिमेतले कुणीच तिच्या दारी गेलेले नसेल.