झोपेची साक्ष : अलिबागची वेधशाळा आणि निद्राचाचणी

गाढ झोपेविषयी अद्वैत वेदान्तातील एक युक्तिवाद प्रसिद्ध आहे. जागा झालेला माणूस म्हणतो, सुखाने झोपलो, काहीच कळले नाही. त्याअर्थी सुषुप्तीतही कोणी साक्षी असलाच पाहिजे. विसाव्या शतकाने या साक्षीशेजारी दुसरी एक साक्ष आणून ठेवली : यंत्राने रात्रभर काढलेल्या रेषेची.

अशा रेषेशी रायगडच्या किनाऱ्याचा परिचय जुना आहे. मुंबईत विजेवरील ट्राम सुरू होणार, तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकीय नोंदी बिघडणार, हे ओळखून नानाभॉय मूस यांच्या कारकिर्दीत १९०४ साली हे काम अलिबागला हलविण्यात आले. मोजायची गोष्ट अत्यंत क्षीण, म्हणून भोवतालचा गोंगाट दूर ठेवायचा, हे तत्त्व तेथे होते. निद्राचाचणीचे तत्त्वही तेच.

१९२४ साली जर्मनीत हान्स बर्गर यांनी मानवी मेंदूची विद्युत्-नोंद प्रथम घेतली. हे प्रवाह व्होल्टच्या दशलक्षांशांत मोजावे लागतात. १९५३ साली शिकागोत असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी झोपेतील डोळ्यांच्या जलद हालचालींचा टप्पा नोंदवला. झोप म्हणजे केवळ जाणिवेचा अभाव, ही कल्पना तेथे मोडली.

आज चाचणीस जाणाऱ्याने काय अपेक्षावे? डोक्याला तेल लावू नये, दुपारनंतर चहा-कॉफी टाळावी, नेहमीची औषधे डॉक्टरांना विचारून घ्यावीत. डोके, डोळ्यांच्या कडा, हनुवटी आणि पाय यांवर तारा चिकटवतात; छाती-पोटाला पट्टे, नाकाशी नळी, बोटाला प्राणवायू मोजणारा चिमटा. सुई कोठेही नाही. शेजारच्या खोलीत तंत्रज्ञ जागा असतो. लघवीला उठायचे तर तो तारा सोडवतो. परक्या जागी झोप कमी लागते. तरी निदानाला ती बहुधा पुरते. नंतर तीस-तीस सेकंदांचे तुकडे पाडून नोंद वाचली जाते. दहा सेकंद वा अधिक श्वास थांबणे वा मंदावणे तासाला किती वेळा घडले, ते मोजतात. पाचांपर्यंत सामान्य, तिसांपलीकडे तीव्र.

मुंबईतील मध्यमवयीन पुरुषांची झारीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी केलेली पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. तीत साडेसात टक्के पुरुषांना दिवसाच्या पेंगेसह हा विकार आढळला. त्यावर उपाय आहे : १९८१ साली ऑस्ट्रेलियात कॉलिन सलिव्हन यांनी दाबाखाली हवा देणारा मुखवटा मांडला.

आमच्या भाषेत मात्र घोरणे हे गाढ झोपेचे लक्षण, आणि दिवसा पेंगणारा आळशी. कुंभकर्ण ही उपमा तर प्रत्येक घरात तयार असते. वेदान्ताचा साक्षी या रेषेने खोटा ठरत नाही, असे आम्हांस वाटते. 'काहीच कळले नाही' हे विधान खरेच आहे. तपासून घ्यायचे ते 'सुखाने' हे क्रियाविशेषण. वर्गात मागच्या बाकावर पेंगणाऱ्याविषयी मत बनवण्यापूर्वी आपण शिक्षकांनी एवढे जरूर लक्षात ठेवावे.